न्हाव्याची खुर्ची : नागपूर ते भोपाळ



आपल्या ग्रुपवर आजवर टीटी नगरची क्वार्टर्स झाली, गणपतीतली नाटकं झाली, न्यू मार्केटची दुकानं झाली. पण ज्याच्यासमोर आपण सगळे दर महिन्याला निमूट मान खाली घालून बसतो, त्या न्हाव्यावर अजून कोणी लिहिलेलं नाही. म्हटलं आपणच लिहावं. मी बी.कॉम. झालेला माणूस, सदतीस वर्षं बँकेत काढली, इतिहासकार वगैरे नाही. पण बदलीच्या नोकरीत एक कळलं. नव्या गावात घर, दूधवाला आणि न्हावी ह्या तीन गोष्टी लागल्या की माणूस रुळला. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आपल्या आजोबांच्या काळात ‘कटिंगला जाणं’ हा प्रकारच नव्हता. न्हावी घरी यायचा. बारा बलुतेदारांतला तो एक. काखेत धोकटी, धोकटीत वस्तरा, कात्री, नऱ्हाणी, पाण्याची वाटी, छोटा आरसा आणि धार लावायचा चामड्याचा पट्टा. ओसरीवर किंवा अंगणात पाटावर बसायचं, डोकं पुढे करायचं. पैसे रोख नाहीत, सुगीला खळ्यावरून ठरलेलं धान्य न्यायचं. त्या धान्याच्या बदल्यात नुसती हजामत नव्हती. बाळाचं जावळ, मुंजीतलं क्षौर, लग्नाचे निरोप, दिवट्या धरणं, कुठे वाजंत्री, हे सगळं त्याच्याकडेच.

आणि वैद्यकीही. ‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी’ ही म्हण आपण रिकामटेकड्याला हसायला वापरतो. पण तुंबडी म्हणजे अंगातलं दूषित रक्त ओढून काढायचं साधन, आणि ते काम न्हाव्याचं होतं, हे आजच्या पोरांना ठाऊक नसतं. हे काही आपल्याकडेच होतं असं नाही. लंडनमध्ये 1540 साली न्हावी आणि शस्त्रवैद्य यांचा एकच संघ केला होता, तो 1745 मध्ये वेगळा झाला. म्हणजे दोनशे वर्षं तिकडचे सर्जन आणि न्हावी एकाच संघात होते. पुढे सर्जन कुठे गेला आणि न्हावी कुठे राहिला, ते आपण पाहतोच.

मान मात्र त्याला बेताचाच. प्रतापगडावर 1659 मध्ये सय्यद बंडाचा वार अडवणारे जिवा महाला, पन्हाळ्याच्या वेढ्यात 1660 मध्ये महाराजांचं सोंग घेऊन मरणाला सामोरे गेलेले शिवा काशीद, हे दोघेही नाभिक समाजातले मानले जातात. संत सेना महाराजांचे अभंग आपले वारकरी गातात. परंपरा सांगते की सेना महाराज बांधवगडच्या राजाच्या पदरी होते, आणि बांधवगड आपल्या मध्य प्रदेशात, उमरिया जिल्ह्यात! शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबातही त्यांचं एक पद आहे. इकडे हिंदी मुलखात नाई मंडळी स्वतःला सेन समाज म्हणवतात ते त्यांच्याच नावानं. आपल्याला आणि भोपाळच्या सेन मंडळींना जोडणारा संत शोधायला लांब जायला नको.

आता आपल्या कुटुंबांची गोष्ट. 1 नोव्हेंबर 1956 ला नवीन मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळ ठरली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि नागपूरच्या सचिवालयातली कितीतरी कारकून मंडळी बाडबिस्तरा बांधून इकडे आली. माझे बाबा त्यातलेच. मी तेव्हा पाच वर्षांचा. क्वार्टर मिळायला दोन वर्षं लागली. तोवर आम्ही जुन्या शहरात बुधवाऱ्याच्या बाजूला भाड्यानं राहिलो. आईला त्यातल्या त्यात एवढंच बरं वाटायचं की नागपूरला इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, तर इथे इतवारा, बुधवारा, जुमेराती. ‘वार तरी आपलेच आहेत,’ म्हणायची.

तिथेच मी पहिल्यांदा न्हाव्याच्या दुकानात खुर्चीवर बसलो. नागपूरला महालात आमच्याकडे भाऊ घरी यायचे, मागच्या अंगणात केस कापायचे. इथे चौकाकडे जाताना एका गल्लीत छोटंसं दुकान, लाकडी खुर्ची, समोरासमोर दोन आरसे. त्यात मला माझीच पन्नास डोकी दिसली आणि मी रडायला लागलो. दुकानदार मुसलमान. सगळे त्यांना ‘खलीफा’ म्हणत. भोपाळात कसबी न्हाव्याला खलीफा म्हणतात, हेही बाबांना तिथेच कळलं. ते खुर्चीच्या दोन्ही हातांवर आडवी फळी टाकत, त्यावर मला बसवत, आणि म्हणत, ‘को खां छोटे मियां, कितने बाल हैं सिर पे? अभी सामने आ जाएँगे, गिन लेना.’

दुकानाबाहेर दगडी पटिया होता. भोपाळची पटियेबाजी तुम्हाला माहीतच आहे. रात्री जेवणं झाली की लोक पटियांवर बसत, नवाबी काळापासूनच्या गप्पा निघत. भोपाळ संस्थान भारत सरकारकडे आलं 1 जून 1949 ला, म्हणजे तेव्हा जेमतेम सात-आठ वर्षं झालेली. केस कापता कापता खलीफा बेगमांचे किस्से सांगत. खरे किती, खोटे किती, देव जाणे. बाबांना उर्दू कळायचं नाही, पण सहा महिन्यांत ते ‘अमां मियां’ म्हणायला शिकले ते त्या खुर्चीतच.

मग 1958 मध्ये साउथ टीटी नगरात क्वार्टर मिळालं. तिथे कडुनिंबाखाली एक नाई बसायचा. खुर्ची एक, आरसा झाडाला खिळ्यानं टांगलेला. बाबूमंडळींची दाढी दिवसाआड, केस महिन्यातून एकदा, रविवारी रांग. ह्या नाईमुळे आमच्या घरात जे घडलं ते मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

माझी आजी, वडिलांची आई, बाबा लहान असतानाच विधवा झालेली. त्या काळच्या रीतीप्रमाणे तिचं केशवपन झालं आणि पुढे तीसेक वर्षं ते दर महिन्याला होत राहिलं. लाल आलवण, डोक्यावरून पदर. नागपूरला न्हावी पहाटे मागच्या दारानं यायचा. त्या दिवशी आम्हा मुलांना परसात जायची बंदी असे. कोणी काही बोलायचं नाही. आई चूल पेटवून खाली मान घालून बसे. न्हावी गेला की आजी गार पाण्यानं आंघोळ करायची आणि दिवसभर कोणाशी बोलायची नाही.

भोपाळात आल्यावर बाबांनी ह्या कडुनिंबाखालच्या नाईला बोलावलं. तो आला, मागच्या अंगणात बसला, वस्तरा काढला, आजीनं पदर मागे केला. त्यानं एकदा पाहिलं आणि वस्तरा परत मिटला. म्हणाला, ‘बाबूजी, ये हमसे ना होगा. अम्मा को रहने दीजिए.’ बाबांनी जास्त पैसे देऊ केले. तो धोकटी उचलून गेला. बाबांनी आणखी दोघांना विचारलं, दोघेही नाही म्हणाले. मग आजीच एका संध्याकाळी म्हणाली, ‘राहू दे रे, आता किती दिवस उरलेत.’ त्यानंतर ती अकरा वर्षं जगली. डोक्यावर पांढरे, मऊ, बोटभर लांब केस आले. आई खोबरेल तेल लावून द्यायची. पाठमोरी बसलेली आजी आणि तिच्या केसांतून फिरणारा आईचा हात, हे मला अजून दिसतं.

फार पुढे, रिटायर झाल्यावर, वाचनात आलं की त्या नाईनं जे केलं ते मुंबईत ठरवून झालं होतं. 1890 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या न्हाव्यांना एकत्र केलं आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही असं न्हाव्यांनी ठरवलं. लोखंडे म्हणजे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले, ‘दीनबंधु’चे संपादक, गिरणी कामगारांचे पहिले पुढारी. त्याच 1890 मध्ये, 10 जूनला, गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, तीही त्यांच्याच प्रयत्नानं. आणि त्याच साली हरी नारायण आपट्यांचं ‘करमणूक’ सुरू झालं, ज्यातून ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी आली. तिच्यातल्या यमूच्या वाट्याला जे आलं, तेच माझ्या आजीच्या वाट्याला आलं होतं. म्हणजे सुधारक लिहीत होते, बोलत होते, पण ज्याच्या हातात प्रत्यक्ष वस्तरा होता त्यानं ‘नाही’ म्हटलं, ह्याला वेगळंच वजन आहे. आमच्या घरात शिकलेली माणसं होती. ‘नाही’ म्हणाला तो नाई. त्याला लोखंडे माहीत असण्याचं काही कारण नव्हतं.

हमीदिया कॉलेजातून बी.कॉम. करून मी 1974 मध्ये बँकेत लागलो. कॉलेजात असताना मी परत जुन्या शहरातल्या खलीफांकडे जायला लागलो होतो. तिथे रेडिओ होता, आणि ते राजेश खन्नासारखा भांग काढून देत. पुढे कान झाकणारा अमिताभ कट आला. बाबा म्हणायचे, ‘पैसे देऊन केस ठेवून येतोस का?’ दुकानात ‘मायापुरी’चे जुने अंक, भिंतीवर हिरोंचे फोटो, तुरटीचा खडा, अफगाण स्नोची डबी. तो वास आला की मला अजून विशीत गेल्यासारखं वाटतं.

आता बँकेचा भाग. राष्ट्रीयीकरण झालं 1969 मध्ये, आणि 1972 पासून डीआरआय योजना आली. अगदी गरिबांना 4 टक्के व्याजानं कर्ज, तारण नाही. मुदती कर्ज ₹5,000 पर्यंत, खेळतं भांडवल ₹1,500 पर्यंत. मोची, धोबी, टोपल्या विणणारे आणि न्हावी ही त्या योजनेची हक्काची गिऱ्हाइकं. 1981 मध्ये मी बैतूल जिल्ह्यात मुलताईच्या बाजूला एका खेड्यातल्या शाखेत होतो. तापी जिथून निघते तो भाग, अर्धी बोली मराठीच. तिथे मी जुनी पद्धत डोळ्यांनी पाहिली. न्हावी घरोघर फिरायचा, वर्षाला घरटी धान्य मिळायचं, आणि गावाच्या एका टोकाच्या मोहल्ल्यात तो जायचा नाही. ती माणसं आपसातच एकमेकांचे केस कापत, नाहीतर बाजाराच्या गावी जाऊन जात न सांगता कापून घेत.

इथे थोडं थांबून एक सांगतो. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या साताऱ्याच्या लहानपणाबद्दल लिहून ठेवलंय की गावात न्हावी भरपूर होते, पैसे द्यायची ऐपतही होती, तरी त्यांचे आणि भावाचे केस मोठी बहीणच कापायची. बाबासाहेबांचा जन्म आपल्या महूचा. आणि गांधीजींना प्रिटोरियात गोऱ्या न्हाव्यानं हाकलल्यावर त्यांनी आरशात बघून स्वतःचे केस स्वतःच कापले, कोर्टातले मित्र हसले. पण गांधीजींनी त्या न्हाव्याला दोष दिला नाही. आपणही आपल्या न्हाव्यांना अस्पृश्यांचे केस कापू देत नाही, मग तक्रार कशाची, असं त्यांनी आत्मकथेत म्हटलंय. पुढे घटना समितीत दुकानांच्या प्रवेशाचं कलम आलं, तेव्हा बाबासाहेबांनी ‘दुकान’ शब्दाचा अर्थ व्यापक असल्याचं सांगितलं: पैसे घेऊन सेवा देणारा कोणीही त्यात आला, म्हणजे न्हाव्याची खुर्चीसुद्धा.

तर त्या खेड्यातल्या न्हाव्याचा पोरगा शाखेत आला. वय बावीस-तेवीस. म्हणाला, बस स्टँडजवळ टपरी टाकायची आहे, खुर्ची आणि मोठा आरसा घ्यायचा आहे. आम्ही बँकवाले हिशेब असा मांडायचो : दिवसाला किती डोकी, बाजाराच्या दिवशी किती, साबण-पावडर-ब्लेडचा खर्च किती, उरलेल्यातून घर चालून हप्ता निघतो का. त्याचा हिशेब बसत होता. पण मंजुरीच्या आधीच गावातले दोन वजनदार जण माझ्याकडे आले. ‘साहेब, हा बस स्टँडवर बसला तर गावाचं काय? आणि तिथे कोण कोण येऊन बसेल!’ दुसरं वाक्य महत्त्वाचं होतं. मी म्हटलं, ‘बँक खुर्चीला कर्ज देते, बसणाऱ्याला नाही.’ कर्ज मंजूर केलं.

टपरी सुरू झाली. त्या मोहल्ल्यातला पहिला माणूस त्या खुर्चीवर बसला तो ब्लॉक ऑफिसातला चपराशी. त्यानंतर महिनाभर गावातली बरीच मंडळी तिकडे फिरकली नाहीत. काही घरांनी त्याच्या बापाचं धान्य बंद केलं, बाप पोराशी बोलेना. पोरगा हप्ता भरायला आला तेव्हा मी विचारलं. तो म्हणाला, ‘साहेब, धान्य गेलं, रोख आली. रोखीला जात दिसत नाही.’ तीन वर्षांत त्यानं कर्ज फेडलं. तोवर गावातले तेच लोक त्याच खुर्चीवर बसू लागले होते, कारण पाच मैलांत दुसरी खुर्चीच नव्हती. जात गेली असं मी म्हणणार नाही. पण पाटावरून खुर्चीवर, आणि धान्यावरून रोखीवर, हा बदल किती मोठा होता ते मी तिथे पाहिलं. आपण शहरातले लोक सलूनच्या पाटीकडे फॅशन म्हणून बघतो. खेड्यात ती पाटी म्हणजे, पैसे द्या आणि बसा, एवढं साधं स्वातंत्र्य होतं.

1984 च्या पावसाळ्यात माझी बदली परत भोपाळला झाली. 2-3 डिसेंबरच्या रात्रीबद्दल ह्या ग्रुपवर बरंच लिहून झालंय, मी पुन्हा लिहीत नाही. खलीफा स्टेशनच्या पलीकडे राहत. त्यांचं दुकान दीड महिना बंद होतं. उघडलं तेव्हा खलीफा खुर्चीमागे स्टूल ठेवून बसत, कारण दोन माणसांचे केस कापले की त्यांना दम लागायचा. डोळ्यांतून पाणी यायचं. वस्तऱ्याचं काम त्यांनी भाच्याकडे दिलं. हात थरथरतो म्हणाले, गळ्यावर वस्तरा धरायचा मला हक्क नाही. पुढे 1990 मध्ये गॅसपीडितांना माणशी ₹200 महिना अंतरिम मदत सुरू झाली, ती बँकांतून वाटली जायची. आमच्या शाखेतही रांगा. एक दिवस रांगेत खलीफा दिसले. मी आत बोलावलं, खुर्ची दिली. बसले नाहीत. ‘रांग मोडली तर मागचे काय म्हणतील?’ म्हणाले, आणि परत जाऊन उभे राहिले. दोन तास उभे होते. दोन वर्षांनी ते गेले. भाच्यानं दुकान चालवलं, मग तेही बंद झालं.

बाकी ठिकाणांचं थोडक्यात. ग्वाल्हेरला पाटणकर बाजाराकडे आपली मराठी घरं, तिथे न्हावीही दोन वाक्यं मराठीत बोलायचा. होशंगाबादला, आताचं नर्मदापुरम्, सेठानी घाटावर बाबांच्या दहाव्याला मुंडन केलं. त्या घाटावरच्या नाईचा हात इतका हलका की वस्तरा लागलेला कळला नाही. पुण्याला एकदा सोमवारी गेलो तर सगळी सलून बंद, कारण तिकडे न्हाव्याची सुट्टी सोमवारी. मंगळवारी भोपाळला पोचलो तर इकडे मंगळवारी बंद! बुधवारच्या लग्नात मी वाढलेल्या दाढीनं हजर. मुंबईला मेहुण्यानं एसी सलूनमध्ये नेलं, तिथे मुलानं विचारलं, ‘सर, स्टाईल कौनसी?’ म्हटलं, बाबा रे, जेवढे उरलेत तेवढे सारखे कर.

नव्वदच्या दशकात एड्सची भीती आली आणि वस्तऱ्याला चामड्यावर धार लावणं गेलं. प्रत्येकाला नवं अर्ध ब्लेड, तेही समोर कागद फाडून दाखवायचं. टोपाजचं पाकीट आरशापुढे ठेवलेलं असे. चांगलंच झालं. पण पट्ट्यावरचा तो चट-चट आवाज गेला.

आता टीटी नगर. भोपाळ जानेवारी 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत आलं. आधी शिवाजीनगर-तुळशीनगर ठरलं होतं, लोकांनी झाडांसाठी विरोध केला, मग टीटी नगरवर पाळी आली. आपली क्वार्टर्स पाडली गेली. कडुनिंबाखालच्या त्या नाईचा नातू त्याच जागी गुमटी लावून बसायचा, मी रिटायर झाल्यापासून त्याच्याकडेच जायचो. गुमटीला पट्टा नव्हता, त्यामुळे भरपाई नाही. आता तो एका मोठ्या सलूनमध्ये कारागीर आहे, कमाईतला अर्धा हिस्सा मालकाचा. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये सलून दोन महिन्यांहून जास्त बंद होतं, तेव्हा अर्धा हिस्साही नव्हता. मी फोन केला तर म्हणाला, ‘बाबूजी, लोग घर में सीख गए तो?’ आपल्याला तो विनोद वाटला, त्याला झोप लागत नव्हती.

सप्टेंबर 2023 मध्ये पीएम विश्वकर्मा योजना आली. 18 कारागिरांच्या यादीत नाई आहे. 5 टक्के व्याज, आधी एक लाख, ते फेडलं की दोन लाख, शिवाय अवजारांसाठी ₹15,000. मी जुन्या सवयीनं त्याच्याबरोबर कागदावर हिशेब मांडला. खुर्ची, आरसा, मशीन सगळं बसतं. अडतं ते जागेच्या भाड्यावर. 1981 मध्ये बस स्टँडवर टपरी टाकायला जागा होती, पैसा नव्हता. आज पैसा मिळेल, पण टीटी नगरात त्याच्या आजोबांच्या झाडाइतकी जागा त्याला परवडत नाही. आम्ही दोघं अजून शोधतोय. कोलार रोड, नेहरूनगर बाजूला कोणाचं छोटं दुकान भाड्यानं द्यायचं असेल तर मला जरूर कळवा. कारागीर उत्तम आहे, हमी मी देतो.

आणि एक विनंती. 1956 ते 60 मध्ये नागपूरहून आलेल्या घरांत माझ्या आजीसारख्या बायका आणखीही असणार. त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही, कारण घरातले फोटोच नसतात. त्या फोटोला बसतच नसत. तुमच्या आईनं, आत्यानं काही सांगितलं असेल तर लिहा. सांगणारी माणसं आता थोडी राहिलीत.